मत्स्यटाकीच्या डीसी पंपाचा कंट्रोलर घरच्या घरी कसा बदलावा

२४ व्होल्टच्या डीसी पंपासोबत एक चपटी डबी येते. तिच्यावर तीन-चार बटणं, वेग दाखवणारे दिवे आणि मासे खायला घालताना पंप थांबवणारं एक बटण असतं. ही डबी म्हणजे कंट्रोलर. पंपाच्या मोटरला विजेची लहर तयार करून देण्याचं काम तीच करते, त्यामुळे ती गेली की धडधाकट पंपही मुका होतो. समुद्री टाकीजवळच्या खारट दमट हवेत बहुधा पंपाच्या आधी ही डबीच थकते. बटणं अडकतात, जॅकला हिरवट गंज चढतो.

डबी चालू असतानाही ती बदलावीशी वाटण्याची कारणं असतात. जुन्या कंट्रोलरचा बारीक, टोचणारा आवाज रात्री ऐकू येतो. लाटांचे प्रकार कमी असतात. काही कंट्रोलर वीज जाऊन आली की आधीचा वेग विसरतात आणि पंप पूर्ण जोरात तरी सुरू होतो, नाहीतर बंदच राहतो. यातलं शेवटचं कारण सर्वांत गंभीर आहे. दुपारी घरी कोणी नसताना दहा मिनिटं वीज गेली आणि पंप पुन्हा सुरूच झाला नाही, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात टाकीतला प्राणवायू किती वेळ पुरणार? म्हणून नवा कंट्रोलर निवडताना त्यात लाटांचे किती प्रकार आहेत हे नंतर पाहा. वीज जाऊन आली की पंप काय करतो आणि कंट्रोलरचं डोकं बिघडलं तर पंप कोणत्या अवस्थेत राहतो, हे दोन प्रश्न आधी विचारा. पुढची सगळी कृती या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

पंप कोणत्या जातीचा आहे?

तारा आणि अडॅप्टर पाहूनच हे ठरवता येतं.

पंपाची तार सरळ २३० व्होल्टच्या भिंतीतल्या प्लगला जात असेल, तर तो एसी पंप. यातली मोटर विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेली असते, साधारण मिनिटाला ३००० फेरे. तिचा वेग बदलता येत नाही. पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळा. रेग्युलेटर व्होल्टेज कापतो, हर्ट्झ बदलत नाही. परिणामी पंप घुरघुरतो, तापतो आणि कमी व्होल्टेजवर अडकून बसतो. अशा पंपाला फक्त चालू-बंद करणारा टायमर चालतो. हा लेख त्या पंपासाठी नाही.

अडॅप्टरमधून दोन तारा कंट्रोलरमध्ये आणि कंट्रोलरमधून तीन तारा पंपाकडे जात असतील, तर तो बाहेर कंट्रोलर असलेला ब्रशलेस डीसी पंप. पाणी वर चढवणारे रिटर्न पंप आणि काचेला चुंबकाने चिकटणारे वेव्हमेकर बहुतेक याच जातीचे. पुढचं सगळं यांच्यासाठी आहे. पंपाकडच्या प्लगमध्ये तीनपेक्षा जास्त पिन असतील, तर आत रोटरची स्थिती किंवा तापमान कळवणारा सेन्सर असू शकतो. त्या पंपाला त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठी सांगितलेला कंट्रोलर घ्या, इतर पर्याय शोधू नका.

तिसरी जात छोट्या पंपांची. सगळं इलेक्ट्रॉनिक्स मोटरच्या आतच असतं आणि बाहेर फक्त दोन तारा येतात. संगणक थंड करायच्या १२ व्होल्टच्या काही पंपांना चार तारा असतात, त्यातल्या एकीवर २५ किलोहर्ट्झचा वेगाचा संकेत द्यायचा असतो. त्यांना तीन तारांचा कंट्रोलर लावून उपयोग नाही.

खरेदीच्या आधी मोजायच्या गोष्टी

व्होल्टेज. पंपावर आणि अडॅप्टरवर छापलेला आकडा जुळला पाहिजे. १२, २४ आणि ३६ व्होल्टचे पंप बाहेरून सारखेच दिसतात. २४ च्या कंट्रोलरवर ३६ चा अडॅप्टर लावला तर आतले कपॅसिटर फुगतात किंवा फुटतात. उलट लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बहुधा काही जळत नाही, पण पंप पूर्ण वेग गाठत नाही आणि उंचावर पाणी चढवताना धाप टाकतो.

वॅट. पंप ४० वॅटचा असेल तर २४ व्होल्टवर त्याला सुमारे १.७ अँपिअर लागतात. अडॅप्टर किमान पाव पट मोठा हवा, म्हणजे २४ व्होल्ट २.५ अँपिअरचा घ्या. अडॅप्टर वर्षभर अखंड चालणार आहे, म्हणून त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण असलेलाच निवडा.

कंट्रोलरचे वॅट मात्र पंपाच्या फार वर जाता कामा नयेत. १०० वॅटचा कंट्रोलर ३० वॅटच्या पंपाला लावला तर तो फिरेल. पण भोवऱ्यात (पाणी ढकलणाऱ्या चुंबकी पंख्यात) शंखाचा तुकडा अडकला तर पंपाचा करंट कधी तोडायचा हे त्याला कळणार नाही, आणि तोपर्यंत मोटरचं विंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) तापून जाईल. बाजारात मिळणारे उघडे ब्रशलेस ड्रायव्हर बोर्ड किंवा ड्रोनचे स्पीड कंट्रोलर याच कारणासाठी टाकीत नकोत. ते पंप फिरवतात, पण पाणी नसताना थांबणं आणि अडकल्यावर थांबणं ही दोन कामं पंपाच्या मापाने करत नाहीत.

अडॅप्टरचा जॅक. बाहेरून ५.५ मिलीमीटरचा गोल प्लग दोन प्रकारचा असतो, आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलीमीटर. २.१ चा प्लग २.५ च्या पिनवर बसतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. उलटी चूक लपून राहते. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर सैल बसतो, पंप चालतो, पण आत बारीक ठिणग्या उडत राहतात आणि काही महिन्यांत जॅक वितळतो. प्लग हलवल्यावर पंप अडखळला तर हेच झालंय असं समजा. मधली पिन धन आहे का, हेही मल्टिमीटरने पाहून घ्या.

पंपाकडचा प्लग. बऱ्याच पंपांना चुडीचा (फिरवून घट्ट करायचा), रबरी रिंग असलेला तीन पिनचा प्लग असतो. पिनांची संख्या सारखी असूनही मांडणी वेगळी असू शकते. प्लग बसत नसेल तर दाबू नका.

नव्या कंट्रोलरवर ० ते १० व्होल्टचा बाहेरचा संकेत घेण्याची सोय आहे का, तेही बघा. आज गरज वाटत नसली तरी पुढे टाकीचं इतर नियंत्रण जोडायचं झालं तर हीच खिडकी, म्हणजे तार जोडायची जागा, लागते. लहरीचा आकार साइन असलेला कंट्रोलर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जुने कंट्रोलर मोटरला सहा टप्प्यांत धक्के देतात, त्यातून तो गुणगुणणारा आवाज येतो. साइन लहरीत धक्का गुळगुळीत होतो. मात्र तुमच्या पंपासाठी तो चालतो असं कंपनीने सांगितलेलं असावं.

आधी पंप तपासा, मग कंट्रोलरला दोष द्या

कंट्रोलर बिघडला म्हणून आणलेल्या पंपांत पुष्कळदा दोष चुन्याचा असतो. शेवाळ आणि कॅल्शियमचा थर भोवऱ्याच्या दांड्यावर बसतो, मोटर जास्त करंट ओढते आणि कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी पंप थांबवतो. नवा कंट्रोलरही तेच करेल.

टाकीतली सगळी विजेची उपकरणं बंद करून प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग पंप बाहेर काढा. झाकण उघडून भोवरा, दांडा आणि रबरी बुशी वेगळ्या करा. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात सगळे भाग अर्धा ते एक तास ठेवा. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं. नंतर जुन्या दातांच्या ब्रशने घासून गोड्या पाण्याने दोनदा धुवा. पंपाची तार आणि प्लग या पाण्याबाहेर राहू द्या.

धुताना भोवऱ्याच्या चुंबकाकडे नीट पाहा. वरच्या आवरणाला चीर असेल, तपकिरी गंज दिसत असेल किंवा चुंबक फुगून आतल्या भिंतीला घासत असेल, तर भोवरा बदला. समुद्री टाकीत असा गंज पाण्यात जाणं कोरल आणि कोळंब्यांसाठी वाईट. चिनीमातीच्या दांड्याला तडा गेला असेल तर तोही बदला, पंपाचा खडखडाट बहुधा तिथूनच येतो.

आता मल्टिमीटर. पंपाच्या प्लगमधल्या तीन पिनांपैकी दोन-दोन पिन घेऊन तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. पंपानुसार आकडा वेगळा, बहुधा काही ओहमचा. तो आकडा किती आहे यापेक्षा तिन्ही जोड्यांत सारखा आहे का, हे बघा. एक जोडी उघडी दाखवत असेल किंवा खूप वेगळी असेल, तर तार तुटली आहे किंवा विंडिंग गेलं आहे.

दुसरी चाचणी पाणी आत शिरलंय का याची. पंप मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, प्लग बाहेर ठेवा. मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहमच्या पट्टीवर लावून एक टोक पाण्यात आणि दुसरं एकेका पिनला लावा. मीटरने उघडा मार्ग दाखवला तर ठीक. किलोओहममध्ये आकडा आला तर विंडिंगच्या राळेला चीर पडली आहे, तो पंप निकाली काढा. मीटरची बॅटरी कमी व्होल्टची असल्यामुळे ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण खराब पंप ती बहुधा पकडते.

कंट्रोलर बदलण्याची कृती

दोन तास मोकळे ठेवा. त्या वेळात टाकीला हवेचा पंप लावून ठेवा म्हणजे घाई होणार नाही.

१. जुन्या जोडणीचे फोटो काढा. कोणती तार कुठे जाते हे अडॅप्टरवर आणि तारेवर कागदी पट्टीने लिहा. एकापेक्षा जास्त पंप असतील तर हे फार उपयोगी पडतं.

२. टाकीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का पाहा. नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. २४ व्होल्टने धोका नसतो, धोका अडॅप्टरच्या मागच्या २३० व्होल्टचा आणि त्याच टाकीतल्या हीटरचा असतो.

३. कंट्रोलरची जागा ठरवा. पाण्याच्या पातळीच्या वर, कपाटाबाहेर, बाजूच्या भिंतीवर उभा. सम्पच्या (मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीच्या) वरच्या फळीवर ठेवला तर बाष्प आणि मिठाचे कण तिथेच जमतात. पालथा किंवा कापडाखाली ठेवला तर तापतो.

४. अडॅप्टर काढलेला असताना आधी पंपाची तार कंट्रोलरला जोडा. चुडीच्या रिंगच्या रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, पिनांच्या टोकांवर थर देऊ नका. रिंग हातानेच घट्ट करा.

५. सगळ्या तारांना खाली झोळ द्या. प्लगच्या खाली तार किमान १५ सेंटीमीटर लोंबली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या टोकावरून खाली ठिबकेल.

६. पहिली चाचणी बादलीत. पंप पूर्ण बुडालेला हवा. आता अडॅप्टर जोडा आणि सर्वांत कमी वेगावर सुरू करा. पाण्याशिवाय चालवू नका, अगदी दोन सेकंदांसाठीही नको. दांडा आणि बुशी पाण्यानेच थंड आणि ओल्या राहतात.

७. प्रवाहाची दिशा बघा. जुना प्लग कापून नव्या प्लगला तारा जोडल्या असतील तर क्रम कोणताही चालतो, पण तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. वेव्हमेकर पाणी मागे ओढू लागला तर लगेच लक्षात येतं. रिटर्न पंप मात्र उलटा फिरूनही पाणी फेकतो, फक्त कमी आणि आवाज करत. उपाय सोपा आहे, अडॅप्टर काढा आणि दोन तारा बदला.

८. वेग हळूहळू वाढवत पूर्ण करा आणि पंधरा मिनिटं चालू ठेवा. कंट्रोलरला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर थांबवा.

९. आता विजेची परीक्षा. वेग मध्यावर ठेवा, भिंतीवरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. पंप त्याच वेगाने आणि लाटेच्या त्याच प्रकारावर परत आला पाहिजे. हेच आणखी दोनदा करा, एकदा दोन सेकंदांच्या खंडाने आणि एकदा दहा मिनिटांच्या. दोन सेकंदांच्या झटक्यात काही कंट्रोलर अर्धवट जागे होतात आणि लटकून बसतात. तसं झालं तर तो कंट्रोलर परत करा.

मगच पंप टाकीत न्या.

तारा लांब कराव्या लागल्या तर अडॅप्टर आणि कंट्रोलर यांच्यामधली तार वाढवा, पंपाकडची नको. पंपाकडच्या तीन तारांतून मोटरची लहर जाते आणि तिच्यावरूनच कंट्रोलर भोवऱ्याची स्थिती ओळखतो. त्या लांबवल्या की सुरुवातीला पंप अडखळू शकतो. अडॅप्टरच्या बाजूने १ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार तीन मीटर वाढवली तर १.७ अँपिअरवर फक्त ०.१८ व्होल्टच्या आसपास घट होते. डाग देऊन (सोल्डर करून) जोड करा, आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा, आणि जोड पाण्याच्या वरच राहू द्या.

बाहेरून वेग चालवणे: ईएसपी३२ आणि ० ते १० व्होल्ट

नव्या कंट्रोलरला ० ते १० व्होल्टची खिडकी असेल, तर थोडं सोल्डरिंग येणाऱ्याला सकाळ-संध्याकाळचा वेग, रात्रीचा मंद प्रवाह, दोन वेव्हमेकरांची आलटून-पालटून लाट हे सगळं स्वतः बसवता येतं. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सहज मिळतात.

लागणारं सामान: ईएसपी३२ चा (वायफाय असलेल्या, प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या चिपचा) साधा डेव्हलपमेंट बोर्ड, एलएम३५८ ऑपॲम्प (संकेत मोठा करणारी चिप) आणि त्याचं आठ पायांचं सॉकेट, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १५ किलोओहमचा एक, २.२ किलोओहमचा एक, १० किलोओहमचे दोन ट्रिमपॉट (स्क्रू फिरवून रोध बदलता येणारे), १० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एलएम२५९६ चे दोन बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारे), ५ व्होल्टचं एका चॅनलचं रिले मॉड्यूल (विजेच्या संकेताने चालणारा स्विच), २४ व्होल्टच्या तारेत लावायला १ अँपिअरचा फ्यूज.

ईएसपी३२ चा संकेत ३.३ व्होल्टचा, आणि कंट्रोलरला हवेत १०. मधलं काम एलएम३५८ करतो. एक बक मॉड्यूल २४ चे १२ व्होल्ट करेल, ते एलएम३५८ साठी. दुसरं ५ व्होल्ट देईल, ते ईएसपी३२ आणि रिलेसाठी. दोन्ही मॉड्यूल बोर्डाला जोडण्याआधीच मीटर लावून जुळवा. नव्या मॉड्यूलचा स्क्रू कुठेही असतो आणि पहिल्याच क्षणी २० व्होल्ट बाहेर पडले की ईएसपी३२ संपला. एलएम३५८ ला थेट २४ व्होल्ट देऊ नका. तो ते सहन करतो, पण मग एखादा डाग सुटला तर त्याच्या तोंडातून २२ व्होल्टच्या आसपास बाहेर येऊ शकतात आणि पंपाच्या कंट्रोलरची खिडकी जळते. १२ वर चालवला तर तो साधारण साडेदहाच्या वर जाऊच शकत नाही.

जोडणी अशी. ईएसपी३२ च्या १८ क्रमांकाच्या पायातून १० किलोओहम रेझिस्टर एलएम३५८ च्या पाय ३ ला. पाय ३ आणि जमीन (म्हणजे पुरवठ्याची ऋण तार) यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरड. पाय २ पासून जमिनीला १० किलोओहम. पाय १ आणि पाय २ यांच्यामध्ये १५ किलोओहम आणि एक ट्रिमपॉट एकामागोमाग. पाय ८ ला १२ व्होल्ट, पाय ४ ला जमीन, आणि या दोघांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. न वापरलेला अर्धा भाग मोकळा सोडू नका, पाय ६ आणि ७ एकमेकांना जोडा, पाय ५ जमिनीला. ट्रिमपॉट मध्यावर असताना साधारण तीन पट वाढ मिळते, म्हणजे ३.३ चे जवळपास १० व्होल्ट. पीडब्ल्यूएम (ईएसपी३२ चा झटपट चालू-बंद होणारा संकेत) १००० हर्ट्झवर ठेवलं की रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी ते इतकं गुळगुळीत करते की बाहेर उरलेली थरथर २५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. पंपाला ती जाणवत नाही.

ईएसपी३२ चे ०, २, १२ आणि १५ हे पाय सुरू होताना स्वतःची कामं करतात, ते टाळा. ३४ ते ३९ फक्त आत घेणारे आहेत, त्यांच्यातून संकेत बाहेर येत नाही.

रिले कशासाठी, असं वाटेल. घरगुती जोडण्यांत हा भाग गाळला जाऊ शकतो आणि त्यातून मासे मरू शकतात. ईएसपी३२ बंद पडला, त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा गेला किंवा नवा प्रोग्रॅम भरताना चूक झाली, तर संकेत शून्यावर येतो आणि कंट्रोलर पंप थांबवतो. वीज आहे, पंप ठीक, कंट्रोलर ठीक, आणि तरी टाकीत प्रवाह नाही. म्हणून रिलेचा सामाईक पाय पंपाच्या कंट्रोलरकडे न्या. नेहमी उघडा असणाऱ्या पायाला एलएम३५८ चा पाय १ जोडा. नेहमी जोडलेल्या पायाला दुसऱ्या ट्रिमपॉटचा मधला पाय. या ट्रिमपॉटचं एक टोक जमिनीला आणि दुसरं २.२ किलोओहममधून १२ व्होल्टला, म्हणजे तो पूर्ण फिरवला तरी १० व्होल्टच्या वर जाणार नाही. कंट्रोलर जोडलेला असतानाच तो ५ ते ६ व्होल्टवर ठेवा. ईएसपी३२ चा २३ क्रमांकाचा पाय रिले ओढून धरेल. तो मेला की रिले सुटतो आणि पंप ठरवलेल्या मध्यम वेगावर चालू राहतो.

रिले मॉड्यूल हाय लेव्हल ट्रिगरचं घ्या किंवा त्यावरचा जंपर तसा लावा. लो लेव्हलच्या ५ व्होल्टच्या मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा संकेत कधीकधी 'बंद' वाटतच नाही आणि रिले सुटत नाही.

कंट्रोलरच्या खिडकीत नुसतं मीटर लावून बघा. तिथे आधीच १० व्होल्टच्या आसपास दिसत असतील, तर ती दिव्यांच्या डिमरसारखी १ ते १० व्होल्टची जात आहे, आणि ट्रिमपॉटचं गणित तिथे जुळणार नाही. तेव्हा कंपनीच्या पत्रकात सांगितलेली जोडणीच करा.

प्रोग्रॅमसाठी ईएसपीहोम (ईएसपी३२ चा प्रोग्रॅम तयार करून देणारं सॉफ्टवेअर) सोयीचं आहे, पण त्यात एक सापळा आहे. वायफाय किंवा होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं सापडलं नाही तर बोर्ड आपणहून पुन्हा सुरू होतो, मूळ सेटिंगच तशी आहे. राउटर बंद असलेल्या रात्री दर पंधरा मिनिटांनी रिले टिकटिकेल आणि पंपाचा वेग उडी मारेल. वायफाय आणि एपीआय (होम असिस्टंटशी होणारी जोडणी) या दोन्हींची पुन्हा सुरू होण्याची मुदत शून्य सेकंद करा. वेळापत्रकही बोर्डावरच ठेवा, फोनवर किंवा इंटरनेटवर अवलंबून नको. मासे खायला घालताना पंप थांबवण्याची दहा मिनिटं बोर्डानेच मोजायला हवीत. फोनने 'थांब' सांगितलं आणि मग फोनचीच बॅटरी संपली, असं व्हायला नको.

सगळं जमलं की तयार सर्किटच्या पाटीवर पीसीबी कोटिंगचा स्प्रे मारा. ट्रिमपॉट, सॉकेट, रिले आणि यूएसबीचं तोंड आधी चिकटपट्टीने झाका.

वेग आणि लाट बसवताना

पहिलं काम म्हणजे पंपाच्या दोन किमान पातळ्या शोधणं. संकेत शून्यापासून अर्धा-अर्धा व्होल्ट वाढवत न्या आणि थांबलेला पंप कुठे सुरू होतो ते लिहा. मग वरून खाली आणत चालू पंप कुठे थांबतो ते लिहा. दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा खाली असतो. लाटेची खालची पातळी पहिल्या आकड्याच्या थोडी वरच ठेवा. दर काही सेकंदांनी पंप पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला तर दांडा आणि बुशी लवकर झिजतात, आणि एखाद्या वेळी सुरूच न होण्याची शक्यता उरते.

वेग बदलताना पाच ते दहा सेकंदांचा चढ द्या.

प्रवाह किती? वनस्पतींच्या गोड्या पाण्याच्या टाकीत तासाला टाकीच्या पाच ते दहा पट पाणी फिरलं की पुरतं. कोरलच्या टाकीत वीस ते चाळीस पट धरतात, म्हणजे २०० लिटरला ४००० ते ८००० लिटर, आणि तेही दोन पंपांत वाटून. पंपाच्या खोक्यावरचा आकडा नळी न लावलेल्या, उंची नसलेल्या पंपाचा असतो हे लक्षात ठेवा. वाळू उडत असेल, मासे कोपरा धरून बसत असतील, तर आकड्यांचं न ऐकता वेग कमी करा.

रिटर्न पंपाला लाटेचा कोणताही प्रकार लावू नका, तो एका वेगावर स्थिर चालू द्या. त्याचा वेग वाढवला की वरच्या टाकीतून पाणी उतरवणाऱ्या नळ्या तेवढं पाणी घेऊ शकतात का, ते समोर उभं राहून पाहा. मग अडॅप्टर काढा आणि मागे आलेलं पाणी सम्पमध्ये कुठपर्यंत चढतं ते बघून तिथे मार्करने रेघ मारा. रोजची पातळी या चाचणीआधी होती तिथेच राहिली पाहिजे, त्याच्या वर पाणी भरलं तर वीज गेल्यावर सम्प ओसंडेल. याच मागे येणाऱ्या पाण्यामुळे भोवरा उलटा फिरत असतो आणि सेन्सर नसलेला कंट्रोलर त्या क्षणी पंप सुरू करू शकत नाही. सुरू होण्याआधी १० ते ३० सेकंद थांबण्याची सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती चालू ठेवा.

वीज गेल्यावर

घरात इन्व्हर्टर असेल तर डीसी पंपाचा अडॅप्टर त्यावर निमूट चालतो, स्क्वेअर वेव्हवरही. एसी पंप तिथे घुरघुरतात. इन्व्हर्टर नसेल आणि कंट्रोलरला बॅटरीची वेगळी खिडकी असेल, तर कंपनी सांगते त्या व्होल्टेजची बॅटरी लावा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरा म्हणजे बॅटरी टिकते. २४ व्होल्ट करणाऱ्या बूस्ट मॉड्यूलमध्ये थोडं वाया जातं. तरी पंप ६ वॅटवर मंद चालवला तर साधारण सहा तास मिळतात. पूर्ण ४० वॅटवर तासभरही नाही. म्हणून बॅटरीवर गेल्यावर वेग आपोआप खाली येणारा कंट्रोलरच घ्या. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की हवा मिसळत राहते, लाटांची गरज नसते.

बिघाड कुठे शोधायचा

पंप थरथरतो पण फिरत नाही: तीनपैकी एक तार सुटली आहे. प्लगच्या पिना आणि वर दिलेली रोधाची चाचणी पाहा.

सुरू होतो, दोन-तीन सेकंदांत थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो: भोवरा अडकला आहे किंवा अडॅप्टर कमी पडतो आहे. पंप चालू असताना अडॅप्टरच्या टोकाला व्होल्ट मोजा. २४ चे २१-२२ झाले तर अडॅप्टर बदला.

पूर्ण वेगावर ठीक, कमी वेगावर बंद: दांड्याला चुना, किंवा किमान पातळी फार खाली ठेवली आहे.

नवा असताना शांत होता, महिन्याभरात खडखडायला लागला: पंपात हवेचे बुडबुडे अडकले आहेत का ते आधी पाहा. रिटर्न पंपाच्या तोंडाजवळ सम्पची पातळी खाली गेली की हवा ओढली जाते. बाष्पीभवनाने रोज किती पाणी कमी होतं ते उन्हाळ्यात मोजून त्याप्रमाणे गोडं पाणी भरा.

वेग आपोआप वर-खाली होतो: ० ते १० व्होल्टच्या तारेची जमीन सैल आहे, किंवा ती तार अडॅप्टरच्या तारांना गुंडाळलेली आहे. वेगळी काढा.

प्लगच्या पिनांवर पांढरी पूड किंवा हिरवा गंज दिसला तर अडॅप्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, रबरी रिंगला पुन्हा ग्रीस लावा. समुद्री टाकीत हे काम दर तीन महिन्यांनी, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने दर महिन्याला.